भेंडवळचा घट मांडतात कसा, वाचतात कसा

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बुलढाणा जिल्ह्यातली एक बातमी दरवर्षी राज्यभर जाते. जूनमध्ये पाऊस कमी, ऑगस्टमध्ये भरपूर, ज्वारी साधारण, तूर मोघम, राजा कायम, अशा धर्तीची तुटक वाक्ये असतात. दुपारपर्यंत ती बाजार समितीच्या आवारात आणि एसटीच्या बाकांवर चर्चेला येतात. हे निष्कर्ष कशावरून निघाले, ते मात्र बातमीत दोन ओळींत उरकले जाते. त्यामुळे मानणारे आणि न मानणारे दोघेही न पाहिलेल्या गोष्टीवर वाद घालत बसतात. म्हणून आधी घट नीट पाहू.

भेंडवळ हे जळगाव जामोद तालुक्यातले गाव. जिल्ह्यातले लोक ज्याला 'घाटाखालचा' भाग म्हणतात त्या मुलखात, सातपुडा आणि पूर्णा नदी यांच्या मधल्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात ते येते. इथली घटमांडणी चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केली असे गाव मानते. तिला सुमारे साडेतीनशे वर्षे झाल्याचे सांगितले जाते. आजही ती वाघ घराण्याकडेच आहे. अलीकडच्या वर्षांत पुंजाजी महाराज आणि सारंगधर महाराज यांच्या नावाने भाकिते छापून येतात.

मांडणी होते गावाबाहेरच्या शेतात, अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी. जमिनीवर मोठे वर्तुळ आखतात आणि त्याच्या कडेने अठरा प्रकारची धान्ये मांडतात. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, तूर, मूग, उडीद, हरभरा, वाटाणा, मसूर, तीळ, जवस, करडी, अंबाडी, लाख, भादली ही त्यांपैकी काही. कपाशीसाठी सरकी असते. वर्तुळाच्या मध्यभागी खड्डा करून त्यात मातीची चार ढेकळे ठेवतात. ही ढेकळे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, जून ते सप्टेंबर. त्यांच्यावर पाण्याने भरलेली घागर ठेवतात. घागरीवर पुरी, पापड, कुरडई, सांडोळी, भजी, वडा, करंजी असे सणाचे पदार्थ, आणि खाली विड्याचे पान व सुपारी. मग सगळे तिथून निघून जातात. रात्रभर घटाकडे कोणी फिरकायचे नाही, हा नियम. पहाटे महाराज येऊन घटाची पाहणी करतात आणि जमलेल्या शेतकऱ्यांपुढे भाकीत सांगतात.

वाचनाची रीत अशी. चार ढेकळांपैकी जे जास्त भिजले त्या महिन्यात पाऊस जास्त, जे कोरडे राहिले तो महिना ओढीचा. धान्याचे दाणे जागच्या जागी आहेत की विखुरले, आत सरकले की बाहेर, यावरून त्या त्या पिकाचे बरेवाईट सांगतात. बाकीच्या वस्तू शेताबाहेरच्या जगासाठी आहेत. पुरी म्हणजे पृथ्वी, तिच्यावरून नैसर्गिक आपत्ती. करंजी म्हणजे तिजोरी, तिच्यावरून आर्थिक स्थिती. कुरडई-सांडोळीवरून चारा, भादलीवरून रोगराई, मसुरावरून परकीय शत्रू. पान-सुपारी म्हणजे राजा आणि त्याची गादी. पीक, पाणी, गुराचे वैरण, साथ, लढाई, राज्यकर्ता: शेतकऱ्याच्या घराला ज्या ज्या गोष्टींची धास्ती असते, ती प्रत्येक गोष्ट या वर्तुळात आहे. मला या मांडणीचे सर्वांत जास्त मोल वाटते ते इथे.

ही कल्पना भेंडवळलाच जन्मली असेही नाही. आपल्याकडे आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघर नवी घागर भरतात, तिच्यावर पुरी-कुरडई ठेवतात, पितरांना नैवेद्य दाखवतात. घागरीखाली चार ढेकळे ठेवून ती कशी भिजतात ते पाहण्याची रीत खानदेश-वऱ्हाडातल्या अनेक घरांत होती. भेंडवळने ती घराच्या कोपऱ्यातून काढून शेतात आणली आणि सगळ्या मुलखासाठी एकदाच मांडली, असे मला वाटते.

धान्यांची यादी पुन्हा एकदा वाचा. अंबाडी, जवस, लाख, करडी ही एका जुन्या शेताची पिके आहेत. आज जिल्ह्यात खरिपाचे सर्वांत मोठे क्षेत्र सोयाबीनचे आहे आणि ते विदर्भात पसरले गेल्या चार-पाच दशकांत. ज्या काळात मूळ मांडणी ठरली, त्या काळात सोयाबीनचा दाणा इथे कोणी पाहिलेला नव्हता. त्यामुळे आजच्या शेतकऱ्याचा निम्मा जीव ज्या पिकात अडकलेला आहे, त्याच्यासाठी जुन्या वर्तुळात मुळातून जागा नाही.

बातमी कशी होते तेही समजून घ्यावे. पहाटे शेतात शेतकऱ्यांइतकेच तालुक्याचे वार्ताहर आणि वाहिन्यांचे कॅमेरे असतात. भाकीत तोंडी आणि भराभर सांगितले जाते. ते टिपून घेतले जाते आणि तासाभरात मथळ्यात बसवले जाते. अठरा धान्ये आणि चार महिने मागे पडतात, राजा वर येतो. निवडणुकीच्या वर्षी तर सगळ्यांचे कान पान-सुपारीकडेच. २०१७ मध्ये निवडणूक आयोगाने स्पष्ट केले की मतदानोत्तर चाचण्यांवर बंदी असलेल्या काळात ज्योतिषी वगैरेंची निकालाची भाकितेही प्रसिद्ध करता येणार नाहीत. २०२४ ची अक्षय्य तृतीया १० मे रोजी, लोकसभा निवडणुकीच्या ऐन मध्यात आली. त्या वर्षी आचारसंहितेमुळे राजकीय भाकीत टाळले गेले. मला ते बरे वाटले. निदान त्या सकाळी पावसाविषयी बोलणे झाले.

आता कठीण प्रश्न. रात्रीतून दाणा हलतो कशाने? उघड्या शेतात मुंग्या असतात, उंदीर असतात, वारा असतो, पहाटे पाखरे उतरतात. घागरीतले पाणी कोणत्या ढेकळावर उतरेल हे घागर किती कलली आहे आणि ढेकूळ किती भुसभुशीत आहे यावर ठरते. चार महिन्यांनंतर बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्याशी यांतल्या कशाचाही संबंध जोडता येत नाही. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीने या भाकितांवर हाच आक्षेप घेतला आहे आणि तो मला पूर्ण पटतो.

पण घट जो प्रश्न विचारतो तो अगदी नेमका आहे. भारतीय हवामान विभाग मोसमी पावसाचा पहिला अंदाज साधारण एप्रिलच्या मध्यास देतो आणि सुधारित अंदाज मेच्या अखेरीस. आखजी बहुधा या दोन तारखांच्या मध्येच येते. विभागाच्या एप्रिलच्या अंदाजात मुख्य आकडा असतो तो संपूर्ण देशाचा आणि चारही महिन्यांचा मिळून. १९७१ ते २०२० या काळाची सरासरी ८७ सेंटीमीटर आहे. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे सर्वसाधारण. २०२३ च्या एप्रिलमध्ये ९६ टक्क्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात ९४ टक्के पडला. आकडा जवळ आला. पण त्याच हंगामातला ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. फुलोऱ्यातल्या आणि शेंगा धरणाऱ्या सोयाबीनला हंगामाची सरासरी पाणी पाजत नाही. शेतकऱ्याला महिना हवा असतो, आणि चार ढेकळे महिन्याचीच गोष्ट बोलतात. भेंडवळच्या शेतात पहाटे माणसे का जमतात, याचे हे एक कारण आहे असे मला वाटते.

फरक पडतो तो पुढे. हवामान विभागाचा आकडा चुकला तर किती चुकला हे ऑक्टोबरमध्ये कळते. 'साधारण', 'मोघम', 'लहरी' या शब्दांना असे काही लागू करता येत नाही, कारण किती मिलिमीटर म्हणजे साधारण हे कोणी ठरवलेलेच नसते. तरी महिन्यांचा क्रम तपासता येतो: चारांपैकी कोणता महिना सर्वांत ओला सांगितला आणि कोणता निघाला. कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर पावसाच्या नोंदी मिळतात. बातमीचे कात्रण आणि या नोंदी शेजारी ठेवल्या की पुरे. सलग काही वर्षांचा ताळा लागल्याशिवाय काही ठरवू नये. चारांतला एक महिना नुसत्या नशिबानेही सरासरी चार वर्षांतून एकदा बरोबर येतो.

माझी मागणी जिल्ह्यातल्या वार्ताहरांकडे आहे. नवे भाकीत छापताना शेजारच्या स्तंभात गेल्या वर्षीचे भाकीत आणि तालुक्यात महिन्यागणिक पडलेला पाऊस छापा. सोहळ्याचा मान त्याने कमी होत नाही आणि वाचकाला ताळा करता येतो.

पेरणीसाठी मात्र ना घटाकडे पाहावे, ना एप्रिलच्या आकड्याकडे. कृषी विभागाचा सल्ला आहे की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल उतरल्याशिवाय पेरू नये. जूनमधल्या पहिल्या सरीवर बियाणे टाकले आणि पुढे पंधरा दिवस उघडीप पडली की दुबार पेरणी येते, बियाण्याचा आणि खताचा खर्च दोनदा होतो. पुढच्या काही दिवसांत पाऊस आहे की नाही हे मंगळवारी आणि शुक्रवारी निघणाऱ्या कृषी हवामान सल्ल्यात असते. तो मोबाईलवर मिळतो. आपल्या शिवारात किती पडला हे पाहायला बांधावर एक पर्जन्यमापक लावावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता, हवामान विभाग मोजतो त्याच वेळेला, आकडा वहीत लिहावा.