चिखलातल्या नाण्यांची चाळीस वर्षं

ब्रिटनमध्ये 1980च्या सुमाराला मेटल डिटेक्टर घेऊन शेतं पालथी घालणारा माणूस पुरातत्त्वज्ञांच्या लेखी चोर होता. आमचा भूतकाळ लुटणं थांबवा, अशा आशयाची मोहीमच त्यांनी उघडली होती, आणि राग अनाठायी नव्हता. सरे परगण्यात वॅनबरो इथं रोमनकाळातल्या देवळाच्या जागेवर लोकांनी रात्री खड्डे पाडले आणि हजारो नाणी परस्पर विकली. खटले झाले, पण एका महत्त्वाच्या खटल्यातली शिक्षा अपिलात रद्द झाली. पुरणाऱ्यानं धन पुन्हा उकरून काढायच्या इराद्यानंच पुरलं होतं, हे जुन्या कायद्यात सिद्ध करावं लागे. देवाला वाहिलेल्या नाण्यांबाबत ते कसं सिद्ध करणार?

नोव्हेंबर 1992मध्ये सफोकमधल्या हॉक्सन गावात एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. तो शोधायला त्यानं डिटेक्टरवाल्या मित्राला बोलावलं. मित्राला सोन्याचांदीची नाणी लागली, तेव्हा सगळं न उपसता त्यानं हात आवरला आणि कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी 15 हजारांवर रोमन नाणी आणि दागिने पद्धतशीर बाहेर काढले. हातोडाही सापडला. तोही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

1996चा कायदा यानंतर आला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. असं धन सापडल्यावर 14 दिवसांत कळवायचं. संग्रहालयानं ते घेतलं, तर ठरलेली रक्कम सापडणाऱ्यात आणि शेतमालकात वाटायची. सोबत साध्यासुध्या वस्तूंचीही नोंद करणारी सरकारी योजना सुरू झाली. बकल, बटण, मोडकी आकडी, जे मिळेल ते घेऊन लोक नोंद करायला येऊ लागले. माझ्या मते खरा बदल बक्षिसानं नाही, या नोंदींनी घडवला.

पुढं गटानं शेतात उतरण्याचं प्रमाण वाढलं. डिसेंबर 2014मध्ये बकिंगहॅमशरमधल्या लेनबरो इथं अशाच एका मेळाव्यात शिशाच्या पत्र्यात गुंडाळलेली, एथेलरेड आणि कनूट राजांच्या काळातली पाच हजारांहून अधिक चांदीची नाणी निघाली. नोंद करणारी अधिकारी जागेवर होती. तरी एवढा ठेवा एका दिवसात उपसला, यावर पुरातत्त्वज्ञांनी टीका केली. ती मला पटते. नाणी कोणत्या थरात होती, कशी रचली होती, हे एकदाच पाहायला मिळतं.

जानेवारी 2019मध्ये सॉमरसेटच्या च्यू व्हॅलीत सात जण एका शेतात उतरले. हवा खराब होती, पण नवी यंत्रं वापरून पाहायची होती. एक नाणं लागलं, मग दुसरं, मग यंत्रांचा आवाज थांबेना. मोजणी झाली तेव्हा 2,584 चांदीची नाणी होती. त्यांतली 1,236 दुसऱ्या हॅरल्डची. हा राजा 1066 साली जेमतेम नऊ महिने गादीवर होता. 1,310 नाणी त्याचा पराभव करणाऱ्या विल्यमची. काही नाण्यांवर तर एका बाजूला हॅरल्डचा ठसा, दुसऱ्या बाजूला विल्यमचा! नवा साचा घ्यायचा तर टाकसाळवाल्याला पैसे मोजावे लागत, म्हणून त्यानं जुनाच चालवला. राज्य बदललं, तरी कर चुकवण्याची वृत्ती तीच राहिली. आपल्याकडेही 1906मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची 13 हजारांहून अधिक नाणी सापडली. बहुसंख्य नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला होता. सत्तांतराचा याहून थेट पुरावा कुठला?

च्यू व्हॅलीच्या सात जणांनी कळवलं. 2024मध्ये ही नाणी 43 लाख पौंडांना सार्वजनिक संग्रहात आली, आणि अर्धी रक्कम त्यांना, अर्धी शेतमालकाला मिळाली.

याउलट, 2015मध्ये हेरफर्डशरमध्ये दोघांना व्हायकिंग काळातला ठेवा लागला होता. सोन्याचे दागिने आणि अंदाजे 300 नाणी. काही नाण्यांवर वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्शियाचा केओलवुल्फ शेजारीशेजारी बसलेले. मर्शियाच्या या राजाला नंतरच्या इतिहासानं कळसूत्री बाहुलं ठरवून टाकलं होतं. त्याची बाजू मांडणारा पुरावा हाती होता, पण दोघांनी कळवलं नाही, नाणी चोरून विकली. 2019मध्ये त्यांना मोठी कैद झाली. तोवर पोलिसांच्या हाती मात्र जेमतेम 30 नाणी आली होती. उरलेल्यांपैकी बहुतेक कुठं आहेत, हे ठाऊक नाही, आणि ती कोणत्या क्रमानं पुरली होती, हे आता कुणी सांगू शकणार नाही.

आपल्याकडं 1878चा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जमिनीत सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. विहीर खणताना, पाया घेताना हंडा लागला, तर तो घासूनपुसून घरात ठेवू नका. खणणं थांबवा, जागेचा फोटो घ्या आणि तहसील कचेरी गाठा.