सोमवारची निळी गोळी

लेक आठवीत गेली त्या वर्षी शाळेतून एक चतकोर कागद घरी आला. खाली पालकांच्या सहीची जागा, वर पाच सूचना. सोमवारी मुलांना उपाशी पाठवू नये. गोळीच्या आगेमागे चहा देऊ नये. ताप असल्यास गोळी घेऊ नये. शौचास काळी झाल्यास घाबरू नये. पाल्यास सिकलसेल वा थॅलेसेमिया असल्यास आधी कळवावे. सही करून कागद दप्तरात टाकणारच होते, पण तिसऱ्या ओळीशी अडखळले. गोळी रक्तवाढीची, मग आजारपणातच ती जास्त हवी ना?

त्या एका ‘का’च्या मागे लागले आणि पुढचे कित्येक दिवस थक्क होत राहिले.

गोळी लोहाची, निळ्या रंगाची. २०१३पासून देशभर १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी ही योजना आहे. आठवड्यातून एकदा, बहुतेक ठिकाणी सोमवारी, शिक्षकांच्या डोळ्यांदेखत गोळी गिळायची. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं.

मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात लोह असतं तीन-चार ग्रॅम, म्हणजे एका खिळ्याएवढं. त्यातलं बहुतेक रक्तात. एका तांबड्या पेशीत लोहाचे सुमारे शंभर कोटी अणू असतात, आणि आपली अस्थिमज्जा अशा वीस लाखांहून जास्त पेशी दर सेकंदाला घडवते. दर सेकंदाला! मी हे वाचलं तेव्हा लेक समोर पाय पसरून मोबाइल बघत होती. तिला हलवून सांगावंसं वाटलं, अगं, तुझ्या हाडांत केवढा कारखाना चालू आहे.

या लोहाला शरीरात शिरायचं दार आहे, पण जादा झालेलं बाहेर टाकायचा रस्ता नाही. घाम, झडणारी त्वचा, पाळी यांतून जाईल तेवढंच जातं. म्हणून सगळा पहारा दारावर, म्हणजे आतड्यावर. पहारेकरी राहतो यकृतात. हेप्सिडिन नावाचं इवलंसं संप्रेरक, अवघ्या २५ अमिनो आम्लांचं. लॉस एंजेलिसच्या टॉमस गान्झ यांच्या गटाला ते चक्क माणसाच्या लघवीत सापडलं. २००१ साली त्यांनी त्याला हे नाव दिलं. ते लोक शोधत होते जंतू मारणारी प्रथिनं, आणि हाती लागली लोहाच्या कोठाराची किल्ली.

इथे तिसऱ्या ओळीचा उलगडा झाला. जंतूंनाही वाढायला लोह लागतं. ताप येताच हेप्सिडिन वाढतं, दार बंद होतं, शत्रूची रसद तुटते. तेव्हा गोळी दिली तरी ती दाराबाहेरच राहायची. मोठा डोस घेतल्यावरही हेच दार साधारण दिवसभर आवळलेलं असतं. आठवड्याला एकच गोळी यात शाळेची सोय आहेच, पण शरीराचीही आहे. आत न गेलेलं लोह खालच्या वाटेने निघून जातं, म्हणून शौचाला काळी होते. आणि पाचवी ओळ? सिकलसेलमध्ये पेशी लवकर फुटतात, त्यातलं लोह आतच राहतं. रक्त चढवावं लागलं तर आणखी भर पडते. बाहेर जायला वाट नाही, म्हणून या मुलांना गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. विदर्भात आणि नंदुरबारकडे ही ओळ पालकांनी दोनदा वाचावी.

पण या वयातच एवढी निकड का? पोरं वितीवितीने वाढतात, जूनची पँट डिसेंबरात आखूड होते, आणि अंगाबरोबर रक्तही वाढावं लागतं. मुलींची पाळी सुरू होते. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींत आणि ३१ टक्के मुलांत रक्त कमी आढळलं. मुलगेही, हे विसरलं जातं. पापणी खाली ओढून आतला रंग बघा, गुलाबी आहे की फिकट. आमच्या वर्गात एक मुलगी पाटीवरची पेन्सिल कुरतडायची. तिला सगळे रागवायचे. माती, खडू, पेन्सिल खावीशी वाटणं हे अनेकदा अंगातलं लोह कमी असल्याचं लक्षण असतं, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या मुलीची अजून हळहळ वाटते.

चहातलं टॅनिन लोहाला बांधून टाकतं, लिंबू-आवळ्यातलं क जीवनसत्त्व त्याला आत शिरायला मदत करतं. म्हणून आमच्याकडे सोमवारी पोह्यांवर लिंबू, आणि चहा संध्याकाळी. उपाशीपोटी गोळीने मळमळतं, ते लेकीने एकदा करून बघितलं. आणि गोळ्यांची पट्टी घरी आली तर धाकट्यांच्या हाताला लागू देऊ नका. त्या इवल्या पोटात लोहाचा मोठा डोस जिवावर बेततो.

तांबडी पेशी जगते साधारण १२० दिवस. मग प्लीहेत ती मोडली जाते, पण तिच्यातलं लोह शरीर काढून ठेवतं आणि पुन्हा नव्या पेशीत बसवतं. लेकीने जूनमध्ये पहिल्या सोमवारी गिळलेलं थोडं लोह दिवाळीच्या सुट्टीत, ती अंगणात किल्ल्याची माती थापत असेल तेव्हा, दुसऱ्याच एखाद्या पेशीत बसून तिच्या तळहातातून फिरत असेल.