जेल औषधाचे; मूळ कशाचे?

देवनारला टाटा समाजविज्ञान संस्थेच्या शेजारी ‘आयसोमेड’ हे केंद्र आहे. १९७४ पासून तेथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक केले जाते. याच किरणांचा आणखी एक उपयोग जवळच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने करून दाखवला. तो म्हणजे भाजलेल्या जखमेवरची हायड्रोजेलची पट्टी. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, अगर, कॅराजीनन आणि पाणी यांच्या मिश्रणावर किरण सोडले की रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंफतात आणि त्या जाळ्यात पाणी अडकून राहते. जखमेला गारवा मिळतो, ती ओलसर राहते आणि पट्टी काढताना कातडी ओढली जात नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे परिस्थिती ओळखून बदलणारे जेल. तापमानात किंवा द्रावणात अल्पसा फरक पडताच जेल एकाएकी आकुंचन पावते, हे अमेरिकेत तोयोइची तनाका यांनी १९७८ मध्ये दाखवले. काचबिंदूच्या टिमोलॉल औषधात याच जातीची युक्ती वापरात आहे. त्यातील गेलन डोळ्यातील क्षारांचा स्पर्श होताच घट्ट होते, औषध डोळ्यात अधिक वेळ टिकते आणि दिवसातून दोनदा घालायचा थेंब एकदाच पुरतो. रक्तातील साखर वाढली तरच इन्शुलिन सोडणारे जेल मात्र अद्याप संशोधनाच्या टप्प्यात आहे. त्याच्या आशेवर आजचे इन्शुलिन थांबवणे धोक्याचे ठरेल.

जैन कुटुंबांपुढे येथे आणखी एक प्रश्न उभा राहतो. हे जाळे विणले कशाने? जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून मिळते. कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात. अगर, कॅराजीनन आणि अल्जिनेट समुद्रशैवालातून येतात, गेलन जिवाणूंच्या किण्वनातून मिळते, तर पॉलिव्हिनाइल अल्कोहोल रासायनिक प्रक्रियेने बनते. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन जेलांचे मूळ असे अगदी भिन्न असू शकते.

दुकानात माल घेताना व्यापारी त्याचे मूळ विचारतोच. तीच चौकशी औषधाबाबतही करावी, पण वेळेवर. ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी किंवा दीर्घ उपचाराच्या आरंभी डॉक्टरांना घटक विचारले, तर पर्याय शोधता येतो. रुग्ण अत्यवस्थ असताना घरात वाद घालणे, अथवा चालू औषध परस्पर बंद करणे, हा विवेक नव्हे. घरातल्या जिवाचे रक्षण हीदेखील दयाच आहे.