भेट आणि निरोप यांची मूकभाषा

दोन माणसे भेटली की त्यांच्या संभाषणास शब्दांनी प्रारंभ होतो, असा आपला समज असतो. वास्तविक पाहता पहिला शब्द उच्चारला जाण्यापूर्वीच बरेच काही सांगून झालेले असते, आणि निरोपाचा शब्द उच्चारल्यानंतरही काही सांगावयाचे उरलेले असते. हे शब्दावाचूनचे बोलणे न्याहाळावयाचे असेल, तर महाविद्यालयाच्या फाटकासारखी दुसरी जागा नाही. मी ज्या फाटकातून रोज जातो-येतो, ते बंगळूर शहरातले आहे.

या शहराशी मराठी माणसाचा संबंध आजचा नव्हे. १६३८ साली विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. आज मराठी मुले तेथे जातात ती शिक्षणासाठी. एकाच वर्गात कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, हिंदी, बंगाली आणि मराठी बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. समोरून येणाऱ्याशी कोणत्या भाषेत बोलावे, हे ठरण्यास क्षणभर वेळ लागतो. तेवढ्या क्षणात नजर, मान आणि हात यांनी आपले काम उरकलेले असते.

सकाळची वेळ आहे. एक मुलगी बसमधून उतरते. रस्त्यापलीकडे झाडाखाली तिची मैत्रीण उभी आहे. दोघींची नजरानजर होते, भिवया किंचित वर जातात, एकीचा हात अर्धवट उंचावतो. मग दोघी एकमेकींच्या दिशेने चालू लागतात; आणि गंमत अशी, की चालताना त्या एकमेकींकडे पाहत नाहीत. एक ओढणी सारखी करते, दुसरी पिशवीचा पट्टा खांद्यावर ओढून घेते. तीन-चार पावलांचे अंतर उरले म्हणजे नजरा पुन्हा मिळतात, हसू फुलते आणि हातात हात जातात. दुरून पाहणाऱ्यास ही एकच क्रिया वाटते. प्रत्यक्षात तिच्यात चार-पाच पायऱ्या आहेत.

या पायऱ्यांचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. ॲडम केंडन आणि अँड्र्यू फर्बर या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतील एका घरगुती वाढदिवसाला जमलेल्या पाहुण्यांचे चित्रीकरण करून ते बारकाईने तपासले, आणि १९७३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रथम दृष्टिभेट, मग दुरूनचे अभिवादन, मग जवळ येणे, आणि शेवटी निकटचे अभिवादन, असा तो क्रम आहे. जवळ येताना नजर वळवणे आणि स्वतःचे केस वा कपडे सावरणे हेही त्यांना आढळले. याचे कारण समजण्यासारखे आहे. चाळीस पावले कोणी टक लावून आपल्याकडे येऊ लागला, तर ते भेटीस येणे न वाटता चाल करून येणे वाटेल!

भिवयांची ती हालचाल तर इतकी चपळ असते, की करणाऱ्यालाही तिचा पत्ता नसतो. आयब्ल-आयबेसफेल्ट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने निरनिराळ्या खंडांतील लोकांची चित्रे घेऊन दाखवले, की ओळखीचा माणूस दिसताच भिवया सेकंदाच्या सुमारे सहाव्या हिश्शापुरत्या वर जातात. २०२० साली करोनाच्या साथीत हस्तांदोलन थांबले, आणि वर्ग पुन्हा भरू लागले तेव्हा अर्धे चेहरे मुखपट्टीआड होते. तरीही मुलांची भेट अडली नाही. जे काम ओठ करीत, ते भिवयांनी आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांनी अंगावर घेतले.

आपल्याकडे या विषयाचा विचार फार पूर्वी झाला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात मस्तकाच्या हालचालींचे १३ आणि दृष्टीचे ३६ प्रकार वर्णिले आहेत. दोन्ही तळवे जोडून होणारी अंजली देवांसाठी मस्तकावर, गुरुजनांसाठी मुखापाशी आणि मित्रांसाठी छातीपाशी धरावी, असा भेदही तेथे केलेला आहे. हात तेच, जोडणेही तेच. केवळ उंची बदलली की नाते बदलते. आजचा विद्यार्थी हे शास्त्र न वाचताही पाळतो. मित्राच्या पाठीवर तो थाप मारतो, ग्रंथपालांना मान तुकवतो आणि प्राध्यापक दिसताच चाल मंद करून कानातले श्रवणयंत्र काढून हातात घेतो. एके काळी गुरुजी दिसले की मुले सायकलवरून खाली उतरत. हे कानातले काढणे त्याच घराण्यातले आहे.

परंतु ही मूकभाषा सर्वत्र सारखी आहे असे मानणे धोक्याचे. दक्षिणेत मान एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे हलकेच डोलावतात. तिचा अर्थ प्रसंगानुसार ‘होय’, ‘ठीक आहे’ किंवा नुसते ‘ऐकले’ असा होतो. नवख्या मुलाला मात्र तो नकार वाटतो आणि तो उगाच खट्टू होतो. म्हणून मी माझ्या टिपणवहीत दोन रकाने केले आहेत. डावीकडे जे दिसले ते, आणि उजवीकडे त्यावरून जे वाटले ते. ‘मान खाली घातली’ हे डावीकडे. ‘लाजला’ हे उजवीकडे. डावा रकाना बहुधा खरा असतो. उजव्यात माझ्याच समजुती अधिक सापडतात.

आता निरोपाकडे वळू. निरोप हा भेटीहून अवघड, कारण ‘मी जातो’ हे सांगताना ‘तुला सोडून जातो’ असे दिसू द्यावयाचे नसते. मराठीत म्हणूनच आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. कन्नड मुलेही ‘होगि बर्तीनि’, म्हणजे ‘जाऊन येतो’, असेच म्हणतात. देहाची भाषाही अशीच दुहेरी असते. मार्क नॅप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की निघण्यापूर्वी माणसाची नजर सुटते आणि शरीराचा रोख दाराकडे वळतो. पण त्याच वेळी तो पुढे झुकतो आणि मानही डोलावतो. पाय जाण्याचे सांगतात आणि मान स्नेहाची ग्वाही देते.

बंगळूरच्या दर्शिनी उपाहारगृहांत हे फार सुंदर दिसते. तेथे उभ्यानेच खावयाचे, त्यामुळे खुर्चीवरून उठण्याची खूण उपलब्ध नसते. दोन मित्र एक कॉफी ‘वन बाय टू’ करून दोन पेल्यांत घेतात. कॉफी चार घोटांत संपते. ज्याला निघावयाचे आहे तो पेला खाली ठेवतो. ज्याला निघावयाचे नाही तो रिकामा पेला हातात फिरवीत राहतो.

श्रोतेहो, इतके सारे टिपणाऱ्या माझ्याकडून एकदा मोठी चूक झाली. मराठवाड्यातील एका खेड्यातून आलेला एक मुलगा माझ्या वर्गात होता. मी समोरून आलो की तो बाजूस सरे, नजर खाली घाली आणि मी जाईपर्यंत थांबे. नमस्कार कधी केला नाही. मी उजव्या रकान्यात ‘घुमा, थोडा घमेंडी’ असे लिहून ठेवले. वडीलधाऱ्यांच्या डोळ्याला डोळा न भिडवणे हाच खेड्यापाड्यांतून नमस्कार असतो, हे मी, स्वतः मराठी असून, विसरलो. एका शनिवारी तास संपल्यावर तो मागे रेंगाळला. वह्या सावकाश गोळा केल्या, दारापर्यंत गेला, पुन्हा वळला, पिशवीचा पट्टा दोनदा सारखा केला. मग म्हणाला, “येतो, सर.” मी कागदांतून मान न उचलता म्हटले, “ये.”

सोमवारी त्याची जागा रिकामी होती. पुढे समजले, की घरची अडचण होती, शुल्क भरता येत नव्हते, आणि कोणाजवळ बोलावे हे त्याला उमगत नव्हते. अशा मुलांसाठी साहाय्याची सोय होती. मी पत्र लिहिले. उत्तर नम्र आले, पण तोवर त्याने गावाजवळ नोकरी धरली होती.

त्याच्या शब्दाने ‘येतो’ म्हटले होते. त्याची पावले ‘थांबवा’ म्हणत होती. डाव्या रकान्यात नोंदण्याजोगे सारे माझ्यासमोर घडले होते. मी वर पाहिले नाही, एवढेच.

आता तास संपला की मी कागद आवरण्याची घाई करीत नाही. फळा सावकाश पुसतो, आणि वर्ग रिकामा होईपर्यंत दाराशी उभा राहतो.