नकाशाची उलटतपासणी

मुंबई मूळची सात बेटांची, हे शाळकरी पोरही सांगेल. मात्र ज्या नकाशात ही बेटं सुटी सुटी दिसतात, तो बराचसा मागाहून तर्काने जुळवलेला आहे. सतराव्या शतकातल्या इंग्रज कागदपत्रांत मुंबई बहुधा एकच बेट असते आणि मधल्या जमिनीची नोंद ‘बुडीत’ अशी असते. भरतीला तिथे पाणी चढे, ओहोटीला चिखल उघडा पडे. किनाऱ्याची रेघ कुठे ओढायची, हे शेवटी नकाशा काढणाऱ्याने ठरवलं. मग असे नकाशे भिंतीवर शोभेला टांगावेत, पुरावा म्हणून कशाला धरावेत, असं कुणी विचारेल. पण साक्षीदार पक्षपाती असला म्हणून न्यायालय त्याला घरी पाठवत नाही, त्याची उलटतपासणी घेतं. जुन्या नकाशाचंही तेच करायला हवं.

महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून पूर्वी समुद्र आत शिरे. 1784 च्या सुमारास हॉर्नबी वेलार्डचा बांध पुरा झाला आणि पाणी अडलं. आतल्या जमिनीवर भराव पडत गेले, कामाठीपुऱ्यासारख्या वस्त्या उभ्या राहिल्या, तरी बराच भाग सखलच राहिला. बांधाआधीचा नकाशा आजच्या नकाशावर ठेवून पाहिला, की मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आल्यावर मध्य मुंबई का तुंबते, याचं निम्मं उत्तर मिळतं. उरलेलं निम्मं अपुऱ्या गटारांत आणि सिमेंटने झाकलेल्या जमिनीत शोधावं लागतं. धोबीतलाव आणि गवालिया टँक इथे तर खरोखरीचे तलाव होते. 1942 ची ‘छोडो भारत’ची सभा ज्या मैदानावर झाली, ते बुजवलेल्या तलावाचं मैदान.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नकाशे सत्तेने स्वतःच्या सोयीसाठी काढले. 1865 ते 1872 या काळात लॉटन यांनी केलेली मुंबईची मोजणी सारावसुलीसाठी होती. त्यामुळे तिच्यात भूखंडाची हद्द काटेकोर मिळते. त्या भूखंडावरच्या खोलीत भाड्याने कोण राहत होतं, हे मिळत नाही. पण हेतू कळला की कोणत्या बाबतीत विश्वास टाकायचा, हेही कळतं. हद्दीसाठी मोजणीचा नकाशा पाहावा. माणसांसाठी जनगणना, छायाचित्रं आणि वस्तीतल्या वृद्धांच्या आठवणी. गावचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मागता येतो. ओढा किंवा तळं बुजवून इमारत उठणार असेल, तर तो परवानगीआधी पाहावा. पाणी तुंबल्यावर पाहून फक्त दोष कुणाचा तेवढं ठरेल.