मला कसं आवडतं?

"काहीही चालेल."

मैत्रिणींनो, हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा म्हणतो, एकदा मोजून बघा. भाजी कुठली करू? काहीही चालेल. साडी कुठल्या रंगाची आणू? कुठलीही चालेल. पंख्याखाली बसतेस की दाराशी? कुठेही चालेल! माझ्या मोठ्या जाऊबाईंचं तर हे अगदी हक्काचं वाक्य. त्यांना मी ताई म्हणते. ताई नवापूरच्या. ज्या स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, ते नवापूर. सीमेवर राहून दोन्हीकडे 'चालेल' म्हणायची सवय लागली असेल, अशी मी त्यांची थट्टा करते.

तर या ताईंची लेक मुंबईत नोकरी करते. तिला बढती मिळाली, आणि तिने फर्मान काढलं, "आई आणि काकू, दोघींनी यायचं. तुम्हाला मोठ्या हॉटेलात जेवायला नेणार." ताईंनी आधी नाही म्हणून पाहिलं. भाऊजींच्या जेवणाचं काय, हा कायमचा प्रश्न होताच. शेवटी तीन दिवसांच्या भाज्या करून, डब्यांवर 'सकाळ', 'रात्र' अशा चिठ्ठ्या चिकटवून त्या निघाल्या. मी नंदुरबारला गाडीत बसले, त्या नवापूरला चढल्या. सुरत येईपर्यंत त्यांचे दोन फोन झाले होते. दही कुठे ठेवलंय, हे सांगायला.

मुलीने आम्हाला नेलं ते स्टेकहाउसमध्ये. हा शब्द मलाही नवीनच होता. स्टेक म्हणजे मांसाचा जाड काप. रस्सा नाही, वाटण नाही, खोबरं-कांदा नाही. मीठ-मिरी लावायची आणि कडकडीत तापलेल्या तव्यावर नाहीतर निखाऱ्यावर भाजायचा. आपल्या खान्देशी मटणाच्या मानाने अगदीच बिचारा प्रकार, असं मला वाटलं. पण आपण सुरत-नाशकाकडे गेलो की पोरं हट्टाने जे 'सिझलर' मागवतात ना, लोखंडी पाटावर चुर्रर्र करत धूर सोडत येणारं, ते या स्टेकच्याच घराण्यातलं. मुंबईत साठच्या दशकात फिरोज इराणी यांनी सिझलर लोकप्रिय केलं. पुढे पनीर, भाज्या, नूडल्स असं करत करत ते पार शाकाहारीसुद्धा होऊन बसलं. आपल्याकडे आलेला कुठलाही पाहुणा शेवटी आपल्यासारखाच होतो म्हणतात, तसंच.

आत शिरलो तर मंद उजेड. ताई माझ्या कानाशी लागल्या, "लाईट गेली काय गं?" दारातल्या मुलीने हसून नमस्कार केला. टेबलाशी गेलो तर एका मुलाने मागून खुर्ची ओढली. ताई दचकून उभ्याच राहिल्या. त्यांना वाटलं, ती खुर्ची दुसऱ्या कुणाची आहे! बसल्यावर त्याने मांडीवर कापडी रुमाल पसरला. तो इतका पांढरा आणि कडक इस्त्रीचा, की ताईंनी हळूच घडी घालून बाजूला ठेवला. "डाग पडंल."

मग सुरू झाली ती सेवा! ताईंनी पाण्याचा एक घोट घेतला की मुलगा येऊन ग्लास भरायचा. पुन्हा घोट, पुन्हा तो हजर. चौथ्या वेळी ताईंनी पाणी पिणंच थांबवलं. त्याला त्रास नको म्हणून! सूप संपल्यावर त्यांनी तीन वाट्या एकात एक घालून, चमचे वर ठेवून, टेबलावरचे पावाचे कण हाताने गोळा केले आणि उठायलाच लागल्या. लेकीने हात धरून बसवलं. "आई, ते त्यांचं काम आहे."

"माहीत आहे गं," ताई म्हणाल्या, "पण हाताला कोण सांगणार?"

मेनूकार्ड इंग्रजीत होतं. लेकीने वाचून दाखवलं. 'टेंडरलॉइन' या नावापाशी ताई थबकल्या. कसलं मांस, हे त्यांनी स्पष्ट विचारलं. मला ते आवडलं. लाजायचं कशाला? मुलानेही न संकोचता सांगितलं, "म्हशीचं आहे मॅडम." गोवंशाची कत्तल महाराष्ट्रात बेकायदा आहे. गायीसाठीचा कायदा १९७६ चा आहे, तर मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस त्यात नाही. म्हणून आपल्या राज्यातल्या हॉटेलांत स्टेक म्हणून जे मिळतं, ते बहुतेक म्हशीचं असतं. ताईंच्या घरी ते चालत नाही. त्यांनी मान हलवली. मग मटणाच्या चापा ठरल्या. आणि तिथेच तो प्रश्न आला, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

"मॅडम, कसं हवं तुम्हाला? मीडियम की वेल-डन?"

"काहीही चालेल."

तो मुलगा थांबला. आपला नेहमीचा वेटर असता तर 'बरं' म्हणून निघून गेला असता. हा गेला नाही. थोडा वाकून, अगदी शांतपणे म्हणाला, "नाही मॅडम, तुम्हाला कसं आवडतं ते सांगा. तसंच करून आणतो." आणि त्याने नीट समजावून सांगितलं. 'रेअर' म्हणजे बाहेरून भाजलेलं, आत लाल आणि लुसलुशीत. 'मीडियम' म्हणजे आत गुलाबी. 'वेल-डन' म्हणजे पुरतं शिजलेलं, थोडं घट्ट. आतला तो लाल रस म्हणजे रक्त नव्हे, मांसातल्याच मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनामुळे तसा रंग दिसतो, हेही तो म्हणाला. मला हे नवीनच कळलं. एक मात्र आपल्यापैकी प्रत्येकीने लक्षात ठेवावं. चिकन आणि खिमा कधीही अर्धाकच्चा खायचा नाही. गरोदर बाईने तर कुठलंच मांस अर्धंकच्चं खाऊ नये.

सगळं ऐकून ताई गप्पच. मग माझ्याकडे वळून, घरी बोलतात तसं अहिराणीत हळूच म्हणाल्या, "माले कसं आवडस, तूच सांग वं."

मला हसू आलं. पण ते अर्ध्यावरच विरलं. कारण मलाही माहीत नव्हतं! अठ्ठावीस वर्षं मी त्यांची जाऊ आहे. भाऊजींना भरीत तेलकट लागतं, मोठ्या दिरांच्या मुलाला वरणात गूळ चालत नाही, सासूबाईंना शेवटच्या वर्षांत भाकरी दुधात कुस्करून लागायची, हे सगळं मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. ताईंना काय आवडतं? त्यांना मी नेहमी उरलेलं खाताना पाहिलंय. लग्नकार्यात ताई खापराशी असतात. हातावर पुरणपोळी फिरवत फिरवत एवढी मोठी करून खापरावर टाकणं हे आमच्या घरात फक्त त्यांनाच जमतं. शे-दीडशे पोळ्या होतात. शेवटची पंगत उठते, आणि ताई धुराने लाल झालेले डोळे पुसत म्हणतात, "आता भूकच मेली."

"कुणी विचारलंच नाही कधी," त्या त्या दिवशी टेबलाशी म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता हो, आठवून बघितल्यासारखं म्हणाल्या. "आई विचारायची. आखाजीला माहेरी गेलं की. काय करू गं तुझ्यासाठी, असं. आई गेल्यापासून नाही."

ज्यांचं माहेर खान्देशातलं, त्यांना आखाजी काय असते ते सांगायला नको. झोका, गाणी आणि चार दिवस चुलीपासून सुटका. अक्षय्यतृतीयेचं पुण्य असेल ते असेल, सासुरवाशिणीला त्या दिवसांत कुणीतरी गरम गरम वाढायचं, हेच खरं पुण्य.

लेक खाली मान घालून बसली होती. तिच्या मनात काय चाललं असेल ते मला कळत होतं. तिनेही कधी विचारलं नव्हतं. मी तरी कुठे?

हे केवळ मनाला लागण्यापुरतं नाही बरं का. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. कारणं बरीच आहेत. पण सगळ्यांचं झाल्यावर तळाशी राहिलेलं वरण आणि भाकरीचा तुकडा खायचा, यातून रक्त कुठून वाढणार? आमच्या घरात मटण झालं की चांगले तुकडे कुणाच्या ताटात जातात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तर तो मुलगा अजून उभाच होता. घाई नाही, चुळबुळ नाही. ताईंनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "पुरतं शिजलेलं. पण कोरडं नको. आणि तिखट हवं." तो म्हणाला, "नक्की." परत येताना वेगळ्या वाटीत हिरव्या मिरचीचं काहीतरी घेऊन आला. नंदुरबारच्या मिरचीवर वाढलेल्या बाईला त्या मिरचीचं काय कौतुक! पण ताईंनी ती सगळी संपवली.

आपल्याकडे आग्रह असतो. पंगतीत 'घ्या हो, एक तरी घ्या' म्हणत पानात लाडू टाकतात. प्रेमच असतं ते, पण त्यात समोरच्याला हवंय की नको हे कुणी ऐकत नाही. इथे आग्रह अजिबात नव्हता. लक्ष होतं. ग्लास रिकामा व्हायच्या आत भरायचा, पण बोलणं चालू असेल तर मध्ये यायचं नाही. मोठ्या भांड्यातून वाढायचं ते पाहुण्याच्या डाव्या बाजूने, पाणी ओतायचं आणि रिकामी प्लेट उचलायची ती उजव्या बाजूने. चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे असं आपलं पान असतं ना, तशी त्यांचीही शिस्त. जेवण झाल्यावर मी त्या मुलाला विचारलं, हे सगळं घरी शिकलास का रे? तो हसला. "घरी तर मी पाण्याचा ग्लासही उचलत नव्हतो. हॉटेल मॅनेजमेंटला शिकलो."

गंमत बघा, हे शिकवणारं देशातलं पहिलं कॉलेज बायकांनी काढलं आहे. मुंबईत १९५४ मध्ये सुरू झालेलं ते 'केटरिंग कॉलेज' लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने, अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने उभं केलं. जे काम घराघरांत बायका फुकट करत आल्या, त्याचा अभ्यासक्रम झाला, पदवी झाली, पगार झाला. आणि ते शिकून कुणाचा तरी मुलगा माझ्या जाऊबाईंना विचारत होता, तुम्हाला कसं आवडतं!

जेवताना एक फजिती मात्र झाली. सुरी उजव्या हातात, काटा डाव्या, इथपर्यंत लेकीने शिकवलं होतं. ताईंनी तोंड पुसायला म्हणून दोन्ही प्लेटमध्ये शेजारी शेजारी नीट ठेवले. त्या भाषेत याचा अर्थ 'माझं झालं'! मुलगा आला आणि शेवटची चाप प्लेटसकट घेऊन चालला. एरवी ताई गप्प बसल्या असत्या. त्या दिवशी मोठ्याने म्हणाल्या, "ओ दादा, ते माझं राहिलंय!" शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. मुलगा चटकन परतला, माफी मागितली, आणि प्लेट पुन्हा समोर ठेवली. म्हणून सांगून ठेवते, अजून खायचं असेल तर काटा-सुरी प्लेटमध्ये तिरके, एकमेकांपासून लांब ठेवायचे.

बिल आलं. लेक लपवत होती, तरी ताईंनी आकडा पाहिलाच आणि मनातल्या मनात मिरचीच्या पोत्यांत हिशोब मांडला असावा, कारण बराच वेळ त्यांचे ओठ हलत होते. बिलात जीएसटीखेरीज दहा टक्के 'सर्व्हिस चार्ज' लावला होता. तुम्हीही कुठे गेलात तर बिल नीट वाचा. हा चार्ज सक्तीचा नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच तसे निर्देश काढले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. नको म्हटलं की काढावा लागतो. लेकीने तो काढायला सांगितला, कुणी वादही घातला नाही. मग ताईंनी आपल्या बटव्यातून पाचशेची नोट काढली आणि त्या मुलाच्या हातात स्वतः दिली. लेकीच्या पैशांतून नाही, स्वतःच्या. "विचारलंस ना मला," एवढंच म्हणाल्या. त्याला कितपत कळलं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या फ्लॅटमध्ये मी चहा टाकला. हटकून विचारलं, "ताई, कसा हवा?"

"काही-" म्हणून त्या थांबल्या. खिडकीतून बाहेर बघत बसल्या. मग म्हणाल्या, "आलं जास्त, साखर कमी. आणि कपात नको, पेल्यात दे." बरं म्हणून मी आलं किसायला घेतलं. तर मागून पुन्हा आवाज आला, "आणि ऐक. शेवभाजीत टोमॅटो घालतो ना आपण, तो मला मुळीच आवडत नाही."

"अहो ताई, पण आपल्या घरी तर तुम्हीच घालता की!"

"मग? यांना लागतो ना!"