मोबाईल काढून घेतला, पण त्या जागी दिलं काय?

बचत गटाच्या बैठकीत हप्त्याचं बोलणं संपलं की हमखास एक विषय निघतो: पोट्टे मोबाईल सोडत नाहीत. आपण रागावतो, मोबाईल हिसकावतो. दोन दिवस बरे जातात, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं का होतं, ते आज पाहू.

हे एक चक्र आहे. रात्री पांघरुणात मोबाईल पाहिला की झोप अपुरी होते. झोप अपुरी झाली की दिवसभर अंग जड आणि चिडचिड. अंग जड असलं की खेळावंसं वाटत नाही, आणि बसून राहिलं की हात पुन्हा मोबाईलकडेच जातो. हे चक्र खेळाच्या बाजूने तोडणं सोपं. घाम गाळून आलेल्या मुलाला भूक लागते, झोप चांगली येते, मन हलकं होतं. शिवाय मैदानावर सोबती भेटतात. बरीच मुलं मोबाईलमध्ये सोबतच शोधत असतात.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटं, दम लागेल अशी हालचाल करावी. त्याला पैसा लागत नाही. लंगडी, कबड्डी, खो-खो, दोरीवरच्या उड्या पुरेत. आपल्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून व्यायामाचं काम करतं. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या चमूने तिथे देशी खेळ दाखवले.

आता पोरींचं बोलू. पोरगा निदान क्रिकेट खेळायला जातो. पोरगी मोठी झाली की आपणच तिचं मैदान बंद करतो, आणि मग म्हणतो, मोबाईलच पाहते! ती पाणी भरते, वावरात राबते, हे खरं; पण त्यात मैत्रिणींसोबतचं हसणं-खेळणं नसतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या मुलींनी जिंकला. कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. कोणीतरी तिला मैदानावर जाऊ दिलं होतं.

मग गटाने काय करावं? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद होतात. हा नियम मोठ्यांनाही आहे. तो वेळ तिथे अभ्यासाचा. आपण त्याआधीचा एक तास खेळाचा ठरवू. शाळेच्या मैदानावर गटातल्या दोघी-दोघींनी पाळीने बसावं, म्हणजे पोरींच्या घरच्यांना घोर राहणार नाही. रात्री घरातले सगळे मोबाईल एकाच ठिकाणी चार्जिंगला लावावेत, आपलाही. नाहीतर खेळून आलेली झोप मोबाईल पुन्हा पळवून नेईल.

व्यायाम शिक्षा म्हणून देऊ नका. आणि मूल जेवण, शाळा, बोलणं सगळंच टाळत असेल, तर नुसत्या खेळावर थांबू नका. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.

येत्या बैठकीत हप्ते जमा झाले की एवढंच ठरवा: खेळाचा तास कोणता, आणि पहिली पाळी कोणाची?